अस्मानी, सुलतानी आणि शेजारी

संकटांची वर्गवारी करताना मराठीने दोन शब्द फार पूर्वीच मुक्रर करून टाकले आहेत : अस्मानी आणि सुलतानी. अवर्षण, पूर, टोळधाड ही अस्मानी. सारा, जप्ती, सावकाराला पाठीशी घालणारी कचेरी ही सुलतानी. आमच्या ग्रामीण साहित्याची समीक्षा बरीचशी ह्या जोडशब्दावर उभी आहे आणि वर्गात आम्हीही तो सढळ हाताने वापरतो. परंतु शेजाऱ्याच्या परड्यातला बुंध्याशी पोखरलेला आंबा वळवाच्या वाऱ्यात आपल्या कौलांवर आडवा झाला, तर ते संकट कोणत्या रकान्यात घालायचे? वारा अस्मानातून आला हे खरे. पण पोखर तीन पावसाळे दिसत होती आणि झाडाचा मालक ती रोज पाहत होता, हेही तितकेच खरे. इथे सुलतान नाही, आणि अस्मानाकडे बोट दाखवून मोकळे होणे अप्रामाणिकपणाचे आहे. ह्या तिसऱ्या प्रकाराला आपल्या भाषेत नाव नाही. नाव नाही म्हणून त्याचा विचारही नाही, असे आमचे म्हणणे आहे. आणि हा अभाव केवळ कोशाचा नसून साहित्यदृष्टीचा आहे.

शब्दांची टंचाई म्हणावी तर तीही नाही. कुंपण, बांध, गडगा, वई, मेर, विदर्भातला धुरा, गावाची शीव, गावकूस : हद्द दाखवणाऱ्या शब्दांची इतकी श्रीमंती असलेली भाषा हद्दीच्या दोन्ही बाजूंच्या कर्तव्यांविषयी मात्र एका शब्दावर भागवते. तो शब्द म्हणजे ‘शेजारधर्म’. तो उच्चारला की प्रश्न सुटल्यासारखा वाटतो. शेजारधर्मात वाटीभर साखर येते, आजारपणातली सोबत येते, लग्नाला मांडव घालायला हात येतात. कुंपण कोणी घालायचे, ढासळले तर कोणी रचायचे, झाड पडले तर छपराचे पैसे कोणी द्यायचे, हे त्यात येत नाही. ते आले की शेजारधर्म संपतो आणि भांडण सुरू होते. भांडणाचे साहित्य आपल्याकडे आहे. बांधावरून डोकी फुटणे हा ग्रामकथेचा हुकमी विषय, आणि शहरी शेजाऱ्यांचे हेवेदावे हा विनोदी नाटकाचा. एकाचा शेवट रक्तात, दुसऱ्याचा हशात. जबाबदारीचा विचार मात्र दोहोंच्या मधल्या जागेत पडून राहिला आहे.

इंग्रजीच्या वर्गात रॉबर्ट फ्रॉस्टची ‘मेंडिंग वॉल’ ही कविता अनेकांनी वाचलेली असते. ‘नॉर्थ ऑफ बॉस्टन’ ह्या १९१४ च्या संग्रहातली ही कविता. तिचा वर्गातला सारांश ठरलेला : भिंत वाईट, भिंत मानणारा शेजारी जुनाट, भिंतीवर शंका घेणारा निवेदक आधुनिक. हा सारांश कवितेतल्या एका साध्या तपशिलाशी विसंगत आहे. वसंत आला की डोंगरापलीकडच्या शेजाऱ्याला निरोप देऊन भिंत रचायला बोलावतो कोण? शंका घेणारा निवेदकच. गोठलेली जमीन फुगून वरचे दगड ढासळतात, शिकारीही खिंडारे पाडून जातात. मग दोघे आपापल्या बाजूने चालत जातात आणि ज्याच्या बाजूला जो दगड पडला असेल तो त्याने उचलायचा, असा रिवाज पाळतात.

ह्या रिवाजाला कायद्याचीही पार्श्वभूमी आहे, ती वर्गात सहसा सांगितली जात नाही. फ्रॉस्ट न्यू हॅम्पशायरमधल्या डेरी येथे शेती करून राहिला होता. त्या राज्याच्या कायद्याप्रमाणे लगतच्या लागवडीच्या जमिनींच्या मालकांनी मधले कुंपण समसमान वाट्याने घालायचे आणि दुरुस्त करायचे असते. वाद झाला तर तो पाहायला कुंपणे तपासणारे गावकामगार असत. न्यू इंग्लंडमध्ये हे पद वसाहतकाळापासून चालत आलेले आहे. हे कळले की कविता लहान होत नाही, मोठी होते. भिंत हवी की नको ह्यावर दोघांचे एकमत नाही, तरी ती रचण्याच्या कामाची वाटणी निर्विवाद आहे. मतभेद शिल्लक ठेवून कर्तव्य पार पाडणे ह्याला आम्ही शेजार म्हणतो. भिंतीला प्रतीक करून मोकळ्या झालेल्या वाचनात नेमके हे कामच गळून जाते.

आपल्या परंपरेत हा विचार नव्हता असे मुळीच नाही. ‘सीमाविवाद’ हे धर्मशास्त्राने मानलेल्या अठरा व्यवहारपदांपैकी एक. १९२७ साली महाडला ज्या ग्रंथाचे दहन झाले आणि ते का झाले हे विसरता येत नाही, त्या मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात शेताच्या कुंपणाचे मापसुद्धा आहे. उंची अशी की उंटाला वरून पलीकडचे दिसू नये, आणि भोके अशी बुजवावीत की कुत्र्या-डुकराचे तोंड आत शिरू नये. गावालगतच्या कुराणाजवळ शेत असेल आणि त्याला कुंपण नसेल, तर गुरांनी पीक खाल्ले म्हणून गुराख्याला दंड नाही. कुंपण असूनही गुरे शिरली तर मात्र आहे. म्हणजे भार आधी शेतमालकावर. इंग्रजी कायद्याची परंपरा ह्याच्या उलट : ज्याची गुरे, त्याने ती आवरावीत. कुंपण आत कोंडण्यासाठी की बाहेर ठेवण्यासाठी, हा तांत्रिक प्रश्न नव्हे. समाज कोणाचे नुकसान हे नुकसान मानतो, ह्याचे ते उत्तर असते.

इंग्रजी राजवटीने १८७१ चा गुरांच्या अतिक्रमणाचा कायदा आणला आणि कोंडवाडा हा गावजीवनाचा भाग झाला. त्याच सुमारास जंगलखात्याने चराईची राने आपल्या हद्दीत ओढून घेतली. त्याविषयीचा संताप जोतीराव फुल्यांच्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये आहे. चरायला जागा नाही आणि चुकून चरले तर कोंडवाडा, अशी ती कोंडी. पुढे १९७४ साली दया पवारांनी आपल्या कवितासंग्रहाला ‘कोंडवाडा’ हेच नाव दिले, तेव्हा गुरांसाठीचा तो शब्द माणसांच्या इतिहासावर येऊन बसला. कुंपणाच्या कायद्याचा शब्द मराठी कवितेच्या केंद्रस्थानी आलेला आहे. तेव्हा ‘हा विषय वकिलांचा’ म्हणून साहित्याच्या प्राध्यापकांना बाजूला होता येणार नाही.

आता झाडाकडे वळू. कुंपण माणूस घालतो, झाड स्वतः वाढते. म्हणून झाडाच्या बाबतीत जबाबदारीचा प्रश्न अधिक अवघड आणि अधिक रंजक होतो. हद्द ओलांडून आलेली फांदी शेजाऱ्याने आपल्या हद्दीपुरती, पूर्वसूचना न देताही, तोडावी. मात्र तोडण्यासाठी पलीकडे पाऊल टाकू नये, असे इंग्लंडच्या उमराव सभेने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात ठरवले. १९१९ च्या एका निकालाने त्याला पुस्ती जोडली : अशा फांदीवरची सफरचंदे मात्र झाडाच्या मालकाचीच. फांदी तोडण्याचा हक्क आहे, फळ विकण्याचा नाही. एखाद्या कथाकाराला सुचावे असे हे सूक्ष्म भेद आहेत.

झाड कोसळून नुकसान झाले तर काय? १९२६ साली एका बीच वृक्षाची फांदी धावत्या मोटारगाडीवर पडल्याचा खटला इंग्लंडात चालला. १९५० साली लंडनमधल्या एका जुन्या एल्म वृक्षाचा. दोन्हींत मालक सुटले, कारण दोष आत होता आणि बाहेरून दिसण्याजोगी खूण नव्हती. ह्या निकालांचे तत्त्व असे सांगता येईल : मालकी आहे एवढ्यामुळे जबाबदारी येत नाही, समंजस माणसाला जे दिसले असते ते दिसूनही गप्प राहिल्यामुळे ती येते. भारतात नुकसानभरपाईचा हा भाग संहिताबद्ध नाही. न्यायालये बव्हंशी ह्याच तत्त्वांवर चालतात. दिल्लीत रस्त्याकडेच्या झाडाची फांदी डोक्यावर पडून वाटसरू मरण पावला, त्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली महापालिकेला जबाबदार धरले. झाड पालिकेचे, म्हणून वेळोवेळी पाहणी करण्याचे कर्तव्यही पालिकेचे. ते झाले नाही.

अस्मानी आणि इतर ह्यांतली खरी रेघ इथे सापडते. ती वाऱ्याच्या वेगावर ठरत नाही. कोणी पाहिले होते का, पाहायला हवे होते का, ह्यावर ठरते. जबाबदारी म्हणजे पाहणे. साहित्याच्या विद्यार्थ्यांना हे परके वाटू नये. निरीक्षणाला नैतिक मूल्य आहे हे आपण कादंबरीच्या संदर्भात नेहमी सांगतो. इथे न्यायालय तेच झाडाच्या संदर्भात सांगत आहे.

पण पाहणाऱ्याच्या हाती काही करण्याचा अधिकार नसेल तर? महाराष्ट्रात नागरी भागांतील झाडांच्या संरक्षणाचा १९७५ चा कायदा आहे. खाजगी आवारातले झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने पन्नास वर्षे वा त्याहून जुन्या झाडांना वारसावृक्ष म्हणून विशेष संरक्षण मिळाले. हे कायदे हवेतच, त्याविषयी आमच्या मनात संदेह नाही. तरीही जुलै २०१७ मध्ये मुंबईत चेंबूरला रस्त्याने चाललेल्या एका महिलेच्या अंगावर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला, तेव्हा ते तोडण्याची परवानगी आधी मागितली गेली होती आणि ती मिळाली नव्हती, असे वर्तमानपत्रांनी छापले. मालकाने पाहिले, पालिकेनेही पाहिले, झाड पडलेच. असे झाले की दोन टोकांची घबराट सुरू होते. एकीकडे दरेक झाड तोडा म्हणणारे, दुसरीकडे कोणत्याही फांदीला हात लावू नका म्हणणारे. मधल्या मध्ये बुंध्याभोवती सिमेंट ओतून मुळे गुदमरवली जातात, एकाच बाजूच्या फांद्या छाटून झाडाचा तोल घालवला जातो, आणि मग ते पडले की वाऱ्याला दोष दिला जातो.

ह्या गोंधळात आपल्याच कायद्यातली एक तरतूद विस्मरणात गेली आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १३३, आणि जुलै २०२४ पासून तिच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १५२, कार्यकारी दंडाधिकाऱ्याला असा आदेश देण्याचा अधिकार देते की, एखादी इमारत किंवा झाड पडून शेजारपाजारच्या वा जाणाऱ्या-येणाऱ्या लोकांना इजा होण्याचा संभव असेल, तर ते हटवावे, दुरुस्त करावे किंवा त्यास आधार द्यावा. शेवटच्या शब्दांकडे आम्ही लक्ष वेधू इच्छितो. हटवणे हा एकच मार्ग कायद्याने सांगितलेला नाही. आधार देणे हाही सांगितलेला आहे. ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स राज्याने तर २००६ साली शेजाऱ्यांमधील वृक्षविवादांसाठी स्वतंत्र कायदा केला. तिथे शेजाऱ्याच्या झाडापासून धोका असलेल्याला थेट न्यायालयात दाद मागता येते आणि न्यायालय धोक्याबरोबर झाडाचे मोलही विचारात घेते. जिला खर्च आणि वर्षे कमी लागतील अशी काही व्यवस्था इथेही हवी. आज आपल्याकडे टेकूची गरज असलेल्या झाडाला एक तर कुऱ्हाड मिळते, नाही तर फाईल.

इथवर शेजारी समान बळाचे आहेत असे गृहीत धरले. ते नेहमी तसे नसतात. २९ जून २०१९ च्या पहाटेआधी पुण्यात कोंढव्याला एका गृहसंकुलाची सीमाभिंत पावसात कोसळली आणि पलीकडे पत्र्याच्या खोल्यांत झोपलेले पंधरा जण, बांधकाम मजूर आणि त्यांची मुले, गाडले गेले. लगेच २ जुलैला मुंबईत मालाडला जलाशयाची भिंत झोपड्यांवर पडली आणि वीसहून अधिक माणसे मेली. दोन्ही वेळी ‘मुसळधार पाऊस’ हे शब्द पहिल्या वाक्यात होते. अस्मानी! भिंतीच्या आतल्यांना बाहेरचे आपले शेजारी वाटत होते का, हा प्रश्न आम्हांला त्या बातम्या वाचताना पडला आणि तो अजून सुटलेला नाही. भिंत बांधताना आतल्या माणसाला तिची एकच बाजू दिसते. पडते ती बहुधा दुसऱ्या बाजूला.

१९३२ साली लॉर्ड अ‍ॅटकिन ह्या ब्रिटिश न्यायमूर्तींनी एका निकालात बायबलमधला जुना प्रश्न कायद्यात आणला : माझा शेजारी कोण? त्यांचे उत्तर थोडक्यात असे की, माझ्या कृतीचा ज्याच्यावर इतका जवळून परिणाम होतो की ती करताना तो माझ्या मनात असायलाच हवा, तो माझा शेजारी. ह्या व्याख्येत भिंत नाही, जात नाही, सदनिकेचा क्रमांक नाही. आपल्या ‘शेजारधर्मा’ची व्याख्या ह्या कसोटीला लावून पाहिली तर काय दिसते? गावाला गावकूस होते आणि ‘गावकुसाबाहेर’ हा शब्द मराठी साहित्याला दलित लेखकांनी विसरू दिलेला नाही. वेशीची राखण महाराकडे. दोन गावांत शिवेचा तंटा झाला तर महाराची साक्ष मोलाची. हद्द ज्याला सर्वांत नेमकी ठाऊक, तोच हद्दीबाहेर. शेजारधर्माचे गोडवे गाताना हा धर्म कोणाला शेजारी मानत होता, हे विचारल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोंढव्याची भिंत सिमेंटची होती, पण तिचा वंश जुना आहे.

ह्यावर असा आक्षेप संभवतो की, हे सारे कायद्यात कोंबले तर उरलीसुरली माणुसकीही आटेल. शेजारी एकमेकांना नोटिसा पाठवत बसतील. आक्षेप हलका नाही. अमेरिकी कायदेपंडित रॉबर्ट एलिक्सन ह्यांनी कॅलिफोर्नियातल्या शास्ता परगण्यातल्या पशुपालकांचा अभ्यास करून १९९१ च्या आपल्या ग्रंथात दाखवले की, गुरांच्या नासधुशीचे आणि कुंपणखर्चाचे तंटे तिथले लोक कायद्याकडे न पाहता आपसांतल्या रिवाजाने मिटवतात. पुष्कळदा कायदा काय आहे हेही त्यांना नीट ठाऊक नसते. कोकणातला बिनचुन्याचा गडगा वर्षानुवर्षे उभा राहतो तोही अशाच रिवाजावर. परंतु एलिक्सनच्या पशुपालकांचा रिवाज टिकला, कारण त्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशेजारी राहायचे होते आणि आज दिलेले उद्या परत मिळणार होते. सदनिकेचा मालक आणि कंत्राटदाराचा मजूर ह्यांच्यात अशी परतफेड नाही. जिथे परतफेडीची आशा नाही तिथे रिवाज मुका होतो, आणि नेमके तिथेच कायदा लागतो.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर नारळी-पोफळीच्या वाड्या झोपवल्या. पुढच्या वर्षी मे महिन्यात ‘तौक्ते’ किनाऱ्याने घासून गेले. एका वाडीतली पोफळ दुसरीत, दुसरीतला माड तिसऱ्याच्या पडवीवर. तिथे कोणी कोणाला जबाबदार धरणे अन्यायाचे झाले असते. ते अस्मानीच होते. मग चर्चा झाली ती भरपाई हेक्टरी मोजायची की झाडागणिक, ह्याची, म्हणजे सुलतानाशी. हा फरक आम्हांस महत्त्वाचा वाटतो. कोसळलेल्या प्रत्येक झाडामागे गुन्हेगार शोधावा असे आम्ही म्हणत नाही. जे खरोखर अस्मानी आहे त्याला अस्मानी म्हणता यावे, एवढ्यासाठीच तर तिसरा रकाना वेगळा काढायचा. तो नसला की सगळेच अस्मानी होते, आणि मग कशालाच कोणी उत्तरदायी राहत नाही.

मराठीच्या वर्गांपुरते आमचे मागणे माफक आहे. कथाकवितेत कुंपण आले की ते कशाचे प्रतीक आहे हे विचारण्याआधी ते कोणी घातले, कोण दुरुस्त करतो आणि पडले तर कोणाच्या अंगावर पडेल, हे तीन प्रश्न विचारावेत. बांधावरच्या भांडणाची कथा शिकवताना दोघांचे स्वभाव रंगवून न थांबता बांधाची झीज कोणी पाहिली होती, तेही शोधावे. आणि जे तरुण लिहीत आहेत त्यांनी ह्या मधल्या जागेकडे पाहावे : जिथे कोणी खलनायक नाही, नियतीही नाही, फक्त एक पोखरलेले खोड आहे, ते रोज पाहणारा एक माणूस आहे आणि पलीकडे त्याची कल्पना नसलेले एक घर आहे. त्या जागेवर लिहिलेले मराठीत थोडे आहे. ह्या संकटाला नावही त्या लिखाणातूनच मिळेल. कोशकार ते नंतर नोंदवतील.